अनारसे हसले

नरक चतुर्दशीला पहाटे गीझर बंद पडला.
लोकमान्य नगरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर
अभ्यंगस्नान झालं
कुकरमध्ये तापवलेल्या पाण्यानं,
माणशी दीड तांब्या.
कारीट मिळालं नाही.
हर्षदनं डाव्या अंगठ्याखाली टोमॅटो फोडला.
नरकासुर काय, कशानंही मरतो.

आकाशकंदील वाकडा लागला,
वारा आला की शेजारच्या जैनांच्या खिडकीत डोकावतो.
रांगोळीचे ठिपके सतरापाशी चुकले,
मोराला मान उरली नाही.
कासव आहे म्हटलं.

चिवड्याचे पोहे करपले,
मग खालच्या दुकानातली लवंगी शेव वर ओतली.
इंदुरात शेवेखाली काहीही झाकतं,
दोन भावांतलं प्लॉटचं भांडणसुद्धा,
निदान फराळापुरतं.

आणि कमलआत्या.
दर दिवाळीला देवासहून येतात, फक्त अनारसे तळायला.
तांदूळ तीन दिवस, पाणी रोज बदलून,
गूळ तोलून, खसखस एकाच बाजूला.
चाळीस वर्षांत त्यांच्या कढईत
एकही अनारसा हसला नव्हता.
त्याही फारशा नाहीत.
माझी पुरणपोळी, हर्षदची नोकरी,
निशिगंधाचे कापलेले केस,
सगळं त्यांनी नुसत्या भुवईनं परत पाठवलेलं.

यंदा पहिला अनारसा तुपात सोडला
आणि तो उकलला,
जाळी, कण, खसखस, कढईभर.
दुसरा हसला.
तिसरा तर खदखदून.
स्वयंपाकघरात कुणी श्वास घेईना.
आत्यांनी गॅस बारीक केला,
झारा हातात तसाच, चष्म्यावर वाफ,
आणि त्यांचे खांदे हलू लागले.
रडतायत, असं वाटून
निशिगंधा धरायला धावली,
तेवढ्यात एक फुसकी लवंगी फुटल्यासारखा आवाज,
मग दुसरा,
मग माळच लागली.
"मेल्यांनो, हसले की रे!
माझे हसले!"

आम्ही ओट्याला, फ्रिजला, एकमेकांना धरून उभे.
बाहेरच्या खोलीतून दोघे भाऊ
काय झालं, काय झालं करत
एकाच दारातून एकदम आत शिरले
आणि अडकले.

तूप गाळून घेतलं.
उरलेला चुरा गरम दुधात, चमच्यानं,
वाट्या कमी पडल्या म्हणून दोघांत एक.

"पुढच्या वर्षी असंच करा," हर्षद म्हणाला.
आत्या डोळे पुसत होत्या पदरानं.
"कसं करणार?
चुकलेलं प्रमाण कुणी लिहून ठेवतं का रे?"