निव्वळ वजन

शुक्रवारी रात्री साडेनऊला पोरांचा सराव लागतो.
साखळीत त्या वेळी हमखास वीज जाते.
मग मी मोबाइल घेऊन दारात बसतो,
बाजारातली शटरं पडलेली,
वाळवंटीच्या पुलावरून एखादीच मोटरसायकल.

एकोणीस वर्षं पाळीच्या खाणीवर वजनकाटा सांभाळला.
भरलेला ट्रक, वजा रिकामा ट्रक,
उरतं ते निव्वळ.
खाण बंद झाली, काटा गंजला,
वजाबाकी तेवढी हातातून जाईना.

तर हा गुरबिंदर शेणवी.
नाव यंत्राने पाडलेलं.
कुठला गुरबिंदर, कुठला शेणवी,
कोणत्या देवळात हे लग्न लागलं देव जाणे.
वय अठरा. उंची सहा फूट नऊ इंच.
उसळता चेंडू पकडणं : बरं.
पास देणं : दयनीय.
आणि खाली एक ओळ, जन्मतःच लिहिलेली :
होऊन होऊन सहावा गडी.
म्हणजे बाकावरून उठणाऱ्यांत पहिला.

तो आला त्या रात्री मी फीत लावून
दाराशेजारी पेन्सिलीने रेघ ओढली.
चौकटीच्या वर गेली.
आत यायचं तर वाकावं लागेल त्याला.

पास शिकवायचा तर उंच पोराला
ठेंगण्यांच्या जागी उभं करावं लागतं,
आठवड्याला अठ्ठेचाळीस मिनिटं.
सत्तेचाळीस भरली की शिकणं तेवढं कापलं जातं,
ओल्या मातीचे किलो कापायचो तसं.
आणि चुकीच्या जागी उभा केलेला मुलगा
चेंडू घालवतो. सामना घालवतो.
सलग नऊ हरलो.
प्रेक्षक आटले, तिकीट उतरवलं.
सुलक्षा वाढता वाढता विचारायची,
आज जिंकले का तुझे?
हरले.
मग हसतोस कशाला?
पास देणं ‘दयनीय’वरून ‘बेताचं’ झालं.
बेताचं, ती म्हणाली, म्हणजे तुझ्या पगारासारखं.

आपले चौदा आठवडे, त्याचं एक वर्ष.
काजूच्या बोंडांचा वास सरला, तो एकोणीस.
चवथ आली, तो वीस.
मला गोड बंद झालं तेव्हा तो जन्मलाही नव्हता,
आणि माझे केस पुरते पिकायच्या आत
तो निवृत्त होणार.

लिथुआनियातल्या कुणा आर्विदासचा निरोप आला :
विकतोस? तेवीस लाख देतो.
तेवढ्यात प्रेक्षागार वाढवता आलं असतं, छपरासकट.
रात्रभर उत्तर लिहिलं, पुसलं, लिहिलं.
शेवटी धाडलं : अजून दोन शुक्रवार.
त्या दोन शुक्रवारांना आता वर्ष होईल.

तेविसाव्या वर्षी आकडे थांबले.
शुक्रवार येतो, वीज जाते, वीज येते,
त्याच्या नावापुढे काही हलत नाही.
भरलेला वजा भरलेला.
पण परवा शेवटच्या चार सेकंदांत
त्या उंच पोराने चेंडू स्वतः न टाकता
कोपऱ्यातल्या बारक्याला दिला.
स्क्रीनवर आलं एवढंच : शेणवीचा पास.
बारका चुकला. हरलो.
मी ती ओळ चारदा वाचली.

चवथीआधी बाबलो रंगारी आला.
ब्रश बुडवून म्हणाला, ही रेघ कुणाची?
मी खाली जुनी वर्तमानपत्रं पसरत होतो,
उत्तर शोधत होतो.
सुलक्षा स्वयंपाकघरातून ओरडली,
तेवढी सोड रे, वाढतोय तो अजून.

या खेळात उंची वाढत नाही.
पहिल्या दिवशी येते तीच शेवटची.
हे मी तिला कधी सांगितलेलं नाही.

बाबलोने काही न विचारता
रेघेच्या वर चार बोटं भिंत
जुनीच ठेवली.