तेल वाढलं

उजवीकडून वाचायची भाषा
बाबांनी डावीकडून लिहून घेतली होती,
बाळबोध अक्षरात, मिलच्या हजेरीवहीच्या कोऱ्या पानांवर.
पान अकरा : किसलेव, पंचवीस. दिव्यांचे आशीर्वाद.
खाली शिसपेन्सिलीनं :
पेटी काळी चार. घाई नको.

पेटी आता मी वाजवते.
भाता फाटला होता, तो नरसय्या चिलवेरींनी शिवून दिला
चादरीच्या किनारीच्या दोऱ्यानं.
म्हणाले, सिपोराबाई, सूर धरेल,
पण मधूनच जांभई देईल.

गावात आता प्रार्थनेला दहा पुरुष भरत नाहीत.
दिव्यांना मात्र पुरुष मोजायची सवय नाही.

आठ काचेचे पेले, अर्धं पाणी, वर शेंगतेल,
बोटाएवढी वात.
नववा जरा उंचावर, विटेवर.
तो बाकीच्यांना पेटवतो, स्वतः मोजणीत नसतो.
बाबा त्याला बदलीवाला म्हणायचे.
स्वतः नऊ वर्षं बदली होते सांचेखात्यात;
भोंगा झाला की फाटकाशी उभं राहायचं,
कुणी गैरहजर असेल तर आत.
हा पेला ते सगळ्यांत आधी पुसायचे.

खिडकीखालून हुरड्याची पोती नेणारा विचारतो,
गड्डा अजून लांब आहे, हे कसले दिवे?
तेलाचे, मी सांगते.
पुढचं उत्तर लांबलचक आहे :
कोकणच्या किनाऱ्यावर फुटलेलं एक गलबत,
घाण्याला जुंपलेला बैल,
शनिवारी बैलालाही सुट्टी,
म्हणून गावानं ठेवलेलं नाव, शनवारतेली.
आजोबा इकडे मिलमध्ये आले.
बैल कोकणात राहिला,
गरगर तेवढी आमच्याबरोबर आली.

आज आठवी रात्र.
कढईत भोपळ्याचे घारगे फुगतायत,
नरसय्यांनी ढोलकी मांडीवर घेतलीय.
कुठला ताल? त्यांनी पहिल्याच वर्षी विचारलं होतं.
मला माहीत नव्हतं. त्यांनी केरवा लावून पाहिला, बसला.

फोनवर दिमोनाहून लेआ.
ती गाते, पण तिचा आवाज
इथे पोचेपर्यंत दोन मात्रा मागे पडतो.
मी पुढे, ती मागे, पेटीची जांभई मध्येच,
दोन बहिणी एकाच घरात भांडतायत असं वाटावं.
मी थांबते. नरसय्या म्हणतात,
थांबू नका, धोटा गेलाय.
पलीकडे जाऊन परत येईस्तोवर
हात आवरायचा असतो, एवढंच.
आणि ते ढोलकीत तेवढी जागा सोडतात.
त्या जागेत माझी बहीण येऊन बसते.

मग कथा. बाबा ती कीर्तनाच्या ढंगात सांगत,
उपरणं टाकून, पूर्वरंग-उत्तररंगासकट.
मला तेवढा आवाज नाही. मी नुसती सांगते :
बाटवलेलं मंदिर, झाडून काढलेली राख,
एका दिवसाचं तेल, आठ दिवस जळलं.
नरसय्यांची नात स्रवंती ऐकून घेते.
तिला नवल वाटत नाही.
आमची अम्मा महिनाअखेरीला असंच पुरवते, म्हणते,
चटणीला, भाजीला, देवाला.

उशिरा पहिला पेला मंदावतो.
वात पाण्याला टेकते, चर्र करते.
आजी, तेल सं—
नरसय्या तिच्या तोंडावर हात ठेवतात.
संपलं म्हणू नये घरात. काय म्हणायचं?
वाढलं, ती म्हणते.
तेल वाढलं.

मी हजेरीवहीकडे बघते.
एवढी वर्षं मी हा चमत्कार
परक्या भाषेतला समजत होते.

एकेक पेला वाढत जातो.
बदलीवाला शेवटी.
अंधारात आम्ही घारगे खायला घेतो,
गरम, बोटं भाजतील असे,
आणि टेबलावर विसरलेल्या फोनमधून
दोन मात्रा उशिरानं
लेआचं आमेन येतं.