प्रतिसाद नाही

काचेची नळी, गलोलीच्या बेचकीसारखी दुभंगलेली.
डाव्या फाट्यात फुलोऱ्यातल्या हरभऱ्याचा शेंडा,
उजव्यात कोळशातून गाळलेली नुसती हवा.
दिवा लाल, कारण लाल तिला दिसल्यात जमा नाही.
बुडाशी मी तिला सोडते:
घाटेअळीची आई, पंख फुटून चौथी रात्र,
पोटात हजारभर अंडी आणि वेळ पाच मिनिटं.

नाक नाही तिला. मिशा आहेत.
वीज गेल्यावर आपण काडेपेटीसाठी
भिंत चाचपत जातो ना,
तशी ती हवा चाचपते.

अकरा वर्षं गजरा नाही.
साबण बिनवासाचा, केसांना तेल नाही,
प्रयोगाच्या दिवशी कांदासुद्धा नाही.
खंडवा रोडवरून थंडीत कुडकुडत रामबागेत पोचते,
आई दार उघडते आणि म्हणते,
तुझ्या अंगाला कसलाच वास नाही गं,
कुणी घरी आलंय असं वाटतच नाही.

भेरूलालला या नळीचं हसू येतं.
शेत तोच बघतो.
त्याची आजी पौषात रात्री हरभऱ्यावर
मलमलीचं फडकं अंथरायची,
पहाटे पिळून आंब बाटलीत भरायची, पोटदुखीवर.
मॅडम, हिला बोलावतो तो वास झाकायचाय ना?
मधून मधून धने पेरा, वाट चुकेल.
पेरले.
काही चुकल्या. सगळ्या कशा चुकतील?

आज चोवीस जणी.
सतरा डावीकडे, चार उजवीकडे,
तिघी बेचक्यातच बसून राहिल्या.
त्यांच्यासाठी वहीत वेगळा रकाना आहे,
प्रतिसाद नाही,
आणि टक्केवारी काढताना त्या धरायच्या नसतात.

पंप बंद केला. हवा थांबली.
तिघींतल्या शेवटचीला पिंजऱ्यात परत घालायला
बूच काढलं, तर ती माझ्या उजव्या अंगठ्यावर चढली.
हात तीनदा धुतला होता मी.
पण सकाळी शेंडे याच नखानं खुडलेले,
नखाच्या कडेला आंब राहिली असेल,
किंवा नसेलही.
ती थोडी पुढे सरकली, शेपटाकडून वाकली,
आणि एकच अंडं ठेवलं,
खसखशीहून लहान, पिवळट, ओलं.

रकाना भरायचा राहिला.

रामबागेत पोचायला अकरा वाजले.
दार वाजवलं
डाव्या हातानं.