चव्वेचाळीस पॉइंट एक

रेकॉर्डिंगला पंखा बंद करावा लागतो.
चोपड्यात, मे महिन्यात, मुनाफच्या मोटार रिवाइंडिंगवरची
ही दहा बाय आठची खोली,
भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला गोधडी,
आणि जाहिरात कूलरची.

भिकनशेठची रिक्षा चार वाजता भोंगा लावून निघणार.
सुपडाबाई माईकसमोर बसून आहेत सव्वा अकरापासून.
कागद त्यांचा केव्हाच पाठ झालाय
आणि माझा निळा डबा
हिरवा दिवा लावून गप्प.

सगळं करून झालं.
केबल काढली, फुंकली, लावली.
मागचं पोर्ट, पुढचं पोर्ट.
ड्रायव्हर उतरवला, ड्रायव्हर चढवला,
मार्केट यार्डातल्या पोत्यासारखा, दोनदा.
मध्येच एकदा आवाज आला, पण करकरत,
भाकरीत खडा लागावा तसा,
मग तोही गेला.
पडद्यावर पाटी:
हे उपकरण दुसरं कोणीतरी वापरत आहे.
कोण?
खोलीत आम्ही दोघंच.

सुपडाबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर.
एकोणतीस वर्षं एका कानात गाव.
पदरानं मान पुसत म्हणाल्या,
"एकच लाइन दोन जन धरी बठेल शेतस, भाऊ.
पहिले कोन व्हता आठे?"

पहिले राजधर होता.
अर्धी भागी त्याची, मिक्सर त्याचा.
सुरतेला गेला, साड्यांच्या मार्केटात,
मिक्सर मांडीवर घेऊन, एसटीनं.
खुर्ची राहिली.
तीन उन्हाळे झाले.

"लपलेली उपकरणं दाखवा"वर टिचकी मारली
तर यादीत फिकट, राखाडी,
राजधरचा मिक्सर.
वायर नाही, वीज नाही, माणूस नाही,
तरी रोज सकाळी कॉम्प्युटर उठला की
आधी दाराशी त्याचाच ड्रायव्हर,
निळ्या डब्याची वाट अडवून उभा.

काढायचं का? विचारलं यंत्रानं.
आणि खाली छोटा चौकोन, जो मी आजवर
वाचल्याशिवायच पुढं ढकलत आलो:
ड्रायव्हरच्या फाइलीही मिटवायच्या?
सुपडाबाई म्हणाल्या, "सांग त्याले, ठेव आते."
मी चौकोनात खूण केली.

बंद. चालू.
तेवढ्यात चहा आला, तोही गरम.

पहिल्या टेकला आवाज आला खरा,
पण जाडा, रेंगाळलेला, जणू विहिरीतून.
"हाई ते मना आंडोर बोली ऱ्हायना!"
खो खो हसल्या, पुन्हा ऐकवा म्हणाल्या.
डबा अडकला होता अठ्ठेचाळीसवर,
फाइल मागत होती चव्वेचाळीस पॉइंट एक.
मी आकडा बदलला.
बाहेर चव्वेचाळीसच होतं, पॉइंट माहीत नाही.

तीन चाळीसला एका दमात झालं सगळं.
शेवटच्या "आजच या"खाली
मुनाफनं मोटार लावून पाहिली, ती घूं राहिली आहे.
राहू दिली.

रिक्षा शिरपूर रोडकडं वळली तेव्हा
सुपडाबाई जिन्यात चपला शोधत होत्या.
भोंग्यातून स्वतःला ऐकलं, मान तिरकी करून,
पूर्वी ऐकत असतील तशी, दुसऱ्या कुणाचं.
"लागनी लाइन," म्हणाल्या आणि उतरल्या.

मी पंखा लावला.
भिकनशेठचे पैसे सोमवारी.