खुराकाची वही

समुद्र इथून तीन तास, आंबा घाट उतरून.
तरी आमच्या प्रयोगशाळेतल्या बरण्यांत
नऊशे मीटर खोलीचा अंधार
फॉर्मॅलिनमध्ये बसून आहे.

एकाच जातीचे बेचाळीस मासे.
धाकटा माझ्या करंगळीएवढा,
थोरला कोपरापासून बोटांपर्यंत.
मी पोटं उघडते, चिमट्यानं वेचते,
टिपकागदावर निथळून तोलते.
मुनाफमामा झाकण फिरवता फिरवता विचारतात,
"काय खाल्लंय गं ह्यानं?"

करंगळीवाल्यानं कोपेपॉड. तिळाएवढे. एकोणीस.
एकाच्या मिशा अजून शाबूत.
वीतभर झाला की कोळंबी, लालभडक,
कारण तिथं खाली लाल म्हणजे न दिसणं.
त्यानंतर पोटात तीळ सापडत नाही,
चवच विसरल्यासारखा.
जबडा रुंदावतो, दात आत कलतात,
मासा खाली जातो, आणखी खाली,
जिथं घास क्वचित भेटतो
आणि भेटला तर मोठाच लागतो.

लहान तोंडी मोठा घास, आई म्हणायची मला.
मी एवढंच विचारलं होतं,
बदाम मला का नाहीत.

खुराक हा शब्द आमच्या घरी एकट्या जयसिंगदादाचा.
सहाव्या वर्षी कट्ट्यावरचं म्हशीचं दूध,
धारेचं, ओठावर फेस राहील असं.
दहाव्या वर्षी चोवीस बदाम, कुंडीत घोटून.
तालमीत राहायला गेला तेव्हा तूप, अंडी,
मटणाचं अळणी पाणी, तांब्याभर.
वडिलांच्या वहीत सगळं निळ्या शाईत,
वजन, तारीख, आणि पुढं किती वाढवायचं.
कुंडी मी धुवायचे.
धुण्याआधी बोट फिरवायचे कडेनं.
ते वहीत नाही.

दादा आता शाहूपुरीत सिमेंटच्या दुकानात बसतो.
गुडघा गेला, साखर तीनशे.
दुपारी ज्वारीची अर्धी भाकरी, काकडी,
वहिनी काट्यावर ठेवून देते.
माशांत असं उलटं
अजून तरी दिसलं नाही मला.

काल थोरला उघडला.
आत घडी घातलेला, डोक्याकडून गिळलेला,
त्याच्याच जातीचा एक.
मामा वाकून बघत म्हणाले, "आपल्यातलाच की!"
त्या गिळलेल्याचं पोट मी वेगळं उघडलं.
कोळंबीचे डोळे, सहा. वयाला शोभेल असंच जेवला होता.

अकरा पोटं रिकामी.
चार तर जाळ्यातून वर येताना, दाब सुटला तशी,
तोंडातून उलटी होऊन बाहेर आलेली.
त्यांचं काही सांगता येत नाही.
पण उरलेल्या सातांना रकाना आहे.
गाइड म्हणतात, रिकामं हीसुद्धा नोंद, गाळायची नाही.

मादी, चौदा सेंटीमीटर, मी लिहिते.
पोटात: शून्य.
शाई निळीच आहे, आत्ता लक्षात आलं.
मग हात धुते, तीनदा, साबणानं,
आणि डबा उघडते.