हाफ क्लच

सारायेव्होच्या चढावर रेशादचं गॅरेज.
जुनी गोल्फ, इथल्याच कारखान्यात जोडलेली,
धापा टाकत आत आली.
इंजिन बोंबलतंय, गाडी हलत नाही,
जळलेल्या नखांसारखा वास.

त्यानं हँडब्रेक ओढला, तिसरा टाकला,
पेडल हळूहळू सोडलं.
इंजिनानं मरायला हवं होतं.
मेलं नाही.
"प्लेट गेली."
मग कान लावला:
पेडल दाबलं की किरकिर, सोडलं की गप्प.
"बेअरिंगही. कुणीतरी पाय ठेवूनच चालवतंय."

"नवरा," झुम्रेता म्हणाली, "सांगून सांगून थकले.
जाऊन चार वर्षं झाली, अजून खर्च काढतोय."

रेशादनं सीट पाहिली, स्टिअरिंगला भिडलेली.
पेडलचं रबर पाहिलं,
एका लहान बुटाएवढंच झिजलेलं.
बोलला नाही.
दुसरा गिअर अडकतो का, तेच बघत बसला.

बऱ्याच वेळानं तीच म्हणाली,
"कबरस्तानाच्या वळणावर थांबते मी.
ब्रेक नाही लावत.
हाफ क्लचवर धरून ठेवते,
पुढे नाही, मागे नाही."

त्यानं हात पुसले.
"हँडब्रेक ओढायचा हो तिथं.
शुक्रवारी देतो गाडी.
तोवर चालत जा."