आधी कंदील

विश्रामबागेतल्या क्लासमध्ये रात्री साडेनऊला
मी आणि कुंभोजकर सर, दोघंच.
पडद्यावर, मालकाच्या जागी: नल.

‘माल’ नावाचा मूळ क्लास,
त्यात मालक, वजन, पेवाचा नंबर.
त्याच्या पोटी ‘हळद’.
सुपर मी तिसऱ्या ओळीत लिहिला होता,
आधी आपलं आपलं मांडून झाल्यावर
आठवण आली म्हणून वडिलांना हाक.
मशीननं तिथंच अडवलं होतं.

सर म्हणाले, लेकराचा कन्स्ट्रक्टर
पहिल्या ओळीत बापाला उभं करतो.
का ते नंतर. आत्ता पाठ कर.

मला पाठच होतं की.
हरिपूरला पेव फोडलं की
आण्णा दोरीला बांधून आधी कंदील सोडायचे,
वीस फूट खाली, हळदीच्या पिवळ्या अंधारात.
ज्योत तगली तर माणूस.
विझली तर तोंड उघडं टाकून चहा,
आणि घाई करणाऱ्याला
सात पिढ्यांसकट शिवी.

ओळ वर नेली. अडणं थांबलं.
तरी मालक: नल.

मग कधीतरी दिसलं,
‘हळद’मध्येही मी मालक पुन्हा लिहून ठेवलाय,
वरून येणाऱ्यावर भरवसा नसल्यासारखा.
त्यांनी भरून दिलेलं भांडं मागं तसंच,
त्याच्यापुढं माझं, त्याच नावाचं, कोरडं.
आणि मी तासभर
कोरड्यातच हात घालत होते.

एक ओळ खोडली.
भूपाल नेमगोंडा चौगुले, असं उमटलं.
“जमलं की,” सर म्हणाले, आणि पंखा बंद केला.

हरिपूर रोडच्या चिंचांखालून स्कूटी नेताना
प्रायव्हेटचा धडा डोक्यात होता.
असतं ते आपल्यातच,
पण थेट हात लावता येत नाही.
विचारायचं. मिळेल तेवढं घ्यायचं.

सिद्रामकाका पेवात कसे गेले
हे मी आण्णांना तीनदा विचारलंय.
तिन्ही वेळा एकच उत्तर परत आलं:
“त्या दिवशी रॉकेल संपलं होतं.”
कोणी आणायचं होतं, ते नाही.

घरी लाईट गेलेली. ताट झाकलेलं.
आण्णांनी आधी पायरीवर बॅटरी मारली,
मग म्हणाले, ये.